खासगी मालकीचे दगडी भरावाचे धरण: ते कशासाठी आहे आणि धोक्यात आहे का, हे कसे तपासावे

नागपुरात धरण म्हटले की तोतलाडोह, नवेगाव खैरी किंवा रामटेकजवळचा खिंडसी आठवतो. ही सगळी सरकारी. पण संत्र्याच्या बागेसाठी काटोलकडच्या एखाद्या नाल्यावर घातलेला बांध, कारखान्याच्या आवारातला साठवण तलाव, बंद पडलेल्या गिट्टी खदानीच्या तोंडाशी दगड-मुरूम लोटून अडवलेले पाणी, शहराबाहेरच्या फार्महाउसने जाहिरातीत मिरवलेला तलाव, हीसुद्धा धरणेच. त्यातली बरीच दगडी भरावाची असतात, कारण खदानीचा टाकाऊ दगड जवळ आणि स्वस्त मिळतो. मालक खासगी असतो, पण बांध फुटला तर पाणी सातबारा बघून वाहत नाही.

हा लेख अशा धरणाच्या मालकासाठी, ते विकत घ्यायला निघालेल्यासाठी आणि त्याच्या खालच्या गावातल्या सरपंचासाठी आहे. पुढचा सगळा तपशील एका गोष्टीवर बेतलेला आहे: दगडी भराव अंगातून झिरपणारे पाणी बरेच सहन करतो, डोक्यावरून जाणारे पाणी मात्र अजिबात सहन करत नाही. त्यामुळे खासगी मालकाने पहिला रुपया सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेवर घालावा, भिंतीची उंची नंतर बघावी.

पहिली पायरी: धरण कशासाठी आहे ते एका ओळीत लिहा

हे हास्यास्पद वाटेल, पण करून बघा. ‘पाण्यासाठी’ हे उत्तर चालणार नाही. सिंचनासाठी असेल तर किती एकर, कुठल्या महिन्यात? कारखान्यासाठी असेल तर रोज किती घनमीटर? विहिरींना पाझर मिळावा म्हणून? मासेमारीचा ठेका? की खदानीचा गाळ आणि राख अडवायला?

उद्देश बदलला की धोकाही बदलतो. सिंचनाचा तलाव पोळ्यापर्यंत भरून ठेवायचा असतो आणि उन्हाळ्यात रिकामा होतो. निसर्गरम्य दिसायला ठेवलेला तलाव बारमाही काठोकाठ हवा असतो, म्हणजे भिंतीला विश्रांती नाही आणि अचानक आलेल्या पावसाला जागाही नाही. पूर अडवायला बांधलेले धरण रिकामेच ठेवावे लागते. एकाच तलावाकडून हे सगळे मागणारे मालक असतात. त्यांना नम्रपणे सांगावे लागते की भरलेला तलाव पूर अडवत नाही.

राख किंवा गाळ अडवणारा बांध ही वेगळीच जात आहे. तिथे फुटल्यावर पाणी ओसरते, चिखल शेतात राहतो. कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा राखतलावाचा बांध २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीत फुटला, तेव्हा राखमिश्रित पाणी आसपासच्या गावांत आणि नाल्यांत गेले. तुमच्या बांधामागे पाण्याऐवजी असले काही असेल तर हा लेख पुरेसा नाही. तज्ज्ञाला बोलवा.

आणि उद्देशच उरला नसेल, म्हणजे बाग तोडली, कारखाना बंद झाला, खदान संपली, तर थेट शेवटच्या पायरीकडे जा.

दुसरी पायरी: मालक कोण आणि कायदा काय म्हणतो

खासगी तलावांची विदर्भाला सवय जुनी आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले. पार (बांध) कोण दुरुस्त करणार, तुडूम (पाणी सोडायचे दार) कोण उघडणार, सलंगावरचा (सांडव्यावरचा) गाळ कोण काढणार हे गावाला ठाऊक असायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ही जबाबदारी बऱ्याच ठिकाणी विरून गेली. आजच्या खासगी तलावांतही नेमके हेच होते. जमीन तीनदा विकली जाते, खरेदीखतात ‘विहीर, बोअर, गोठा’ असतो, धरणाचा उल्लेखही नसतो.

म्हणून आधी कागद जमवा: सातबारा, फेरफार, नाल्यातले पाणी अडवायची परवानगी, दगड-मुरूम काढल्याची गौण खनिजाची रॉयल्टी, आणि असला तर मूळ नकाशा. बुडित क्षेत्र तुमच्या नावावर आहे का, की शेजाऱ्याची दोन एकर बुडतात? भांडणे बहुधा तिथून सुरू होतात.

मग उंची मोजा. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ डिसेंबर २०२१ च्या अखेरीस लागू झाला. तो सरकारी धरणांइतकाच कंपनीच्या धरणालाही लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरण सरळ ‘निर्दिष्ट धरण’ ठरते. १० ते १५ मीटर उंचीचे धरण काही अटींवर ठरते: माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त, महत्तम पूर विसर्ग सेकंदाला २००० घनमीटर किंवा जास्त, पाया विशेष अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. यातली एक अट लागू झाली तरी पुरे. उंची पायाच्या सर्वांत खोल भागापासून मोजायची असते, जमिनीपासून नाही. पाहणाऱ्याला आठ मीटर दिसणारा बांध पायासकट दहाच्या वर गेला, असे सहज होऊ शकते.

निर्दिष्ट धरण असेल तर मालकावर कामांची लांब यादी येते. धरण सुरक्षा कक्ष, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, पूर किंवा भूकंपानंतर वेगळी तपासणी, देखभालीची पुस्तिका, नोंदवही, मोजमापाची उपकरणे, आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन. याबाबतचे निर्देश धुडकावणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, त्यातून जीवितहानी झाली किंवा तसा धोका ओढवला तर दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात धरण सुरक्षेचे काम पाहणारी राज्य संघटना नाशिकला आहे.

धरण लहान असेल तर? तर हा कायदा लागत नाही, जबाबदारी मात्र लागते. ‘आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठवली आणि ती निसटली, तर नुकसान साठवणाऱ्याचे’ हे तत्त्व इंग्लंडमध्ये ज्या खटल्यातून आले तो रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ चा. त्यातली धोकादायक वस्तू एका गिरणीमालकाचा खासगी तलाव होता. त्याचे पाणी जुन्या, विसरलेल्या खाणीच्या विवरांतून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत उतरले. उमरेड-कामठीकडे जमिनीखाली जुने खोदकाम असणाऱ्यांनी ही गोष्ट नुसती इतिहास म्हणून वाचू नये. शिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ खाली जिल्हा प्रशासन लहान बांधाबाबतही आदेश काढू शकते.

खासगी म्हणजे धोकादायक, असे मात्र समजू नका. मावळ-मुळशीतली टाटांची जलविद्युत धरणे शतकभर कंपनीच्याच ताब्यात आहेत. ती दगडी भरावाची नाहीत, बांधकामाची आहेत, पण मालकीचा मुद्दा तोच. तिथे रोज लक्ष ठेवणारी माणसे नेमलेली आहेत.

तिसरी पायरी: भिंतीच्या पोटात काय आहे

बाहेरून सगळे दगडी बांध सारखे दिसतात. आत तीन प्रकार संभवतात.

एक, मधे काळ्या किंवा चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना दगडाचे कवच. आपल्याकडचे ठेकेदार त्याला हार्टिंग आणि केसिंग म्हणतात. दोन, सगळा दगड आणि पाण्याच्या बाजूला काँक्रीटचा पडदा. तीन, ट्रॅक्टरने नुसता लोटलेला दगड-मुरूम, ज्यात गाभा कुठे आहे ते बांधणाऱ्यालाही माहीत नाही. तिसरा प्रकार खासगीत भेटतो आणि त्याची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते.

पहिल्या प्रकारात जीव आहे तो गाभा आणि दगड यांच्या मधल्या गाळण थरात. माती थेट मोठ्या दगडाला टेकली तर झिरपणारे पाणी मातीचे कण दगडाच्या पोकळीत वाहून नेते. मधला वाळूचा आणि बारीक गिट्टीचा थर चहाच्या गाळणीचे काम करतो: पाणी जाऊ द्यायचे, माती अडवायची. अभियंते यासाठी टर्झागीचा नियम वापरतात. गाळण वाळूतला जो कण आकारात तळच्या १५ टक्क्यांच्या सीमेवर असतो, तो संरक्षण द्यायच्या मातीतल्या ८५ टक्क्यांच्या सीमेवरच्या कणाच्या चार-पाच पटींपेक्षा मोठा नसावा. दोन्ही नमुन्यांची चाळणी चाचणी कुठलीही चांगली साहित्य-चाचणी प्रयोगशाळा करून देते. नागपुरात व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी संस्थाही हाताशी आहे.

काळ्या मातीचा गाभा पाणी चांगले अडवतो, पण ही माती ओली झाली की फुगते आणि मे महिन्यात बोट जाईल इतकी फाटते. म्हणून गाभ्याचा माथा उघडा ठेवायचा नाही, त्यावर मुरमाचा जाड थर हवा. उन्हाळ्यात तलाव पूर्ण रिकामा होत असेल तर मुरूम थोडा बाजूला करून भेग वरच्या थरातच थांबते की गाभ्यात उतरते, ते बघा.

दगडाबद्दलही थोडे. थर घालून, पाणी मारून, व्हायब्रेटर रोलरने दाबलेला दगड फारसा खचत नाही. नुसता ओतलेला दगड वर्षानुवर्षे बसत राहतो. माथा मधे खाली गेला की नेमका तिथून पाणी पहिले उतरते. कळमेश्वर-काटोल-हिंगण्याकडचा काळा बेसाल्ट कठीण असला तर उत्तम, पण लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा मऊ पट्टा किंवा बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा झिजलेला खडक कवचात घातला असेल तर तो काही पावसाळ्यांत भुसभुशीत होतो. पायातही तेच बघायचे: तांबड्या थरावरून आणि सांध्यांमधून पाणी आडवे पळते. रामटेक-पारशिवनीकडे खडकच वेगळा, रूपांतरित जातीचा, आणि उमरेड-कामठीकडे गोंडवन वाळूखडक. एकाच जिल्ह्यात इतके प्रकार असल्याने शेजारच्या तालुक्यातल्या बांधाची नक्कल करू नका.

पाणी सोडायचा पाइप भिंतीतून गेलेला आहे का, हे वेगळे विचारा. मातीच्या भिंतीत पाइपच्या बाहेरून पाण्याची वाट पडणे हा जगभर आढळणारा दोष आहे. पाइपभोवती माती हाताने नीट कुटता येत नाही, म्हणून तिथे पोकळी राहते.

चौथी पायरी: सांडव्याचा हिशेब

ही पायरी टाळून बाकी सगळे केले तरी उपयोग नाही. एक उदाहरण सोडवू. आकडे माझे, सोपे व्हावेत म्हणून घेतलेले.

नाल्याचे पाणलोट ५ चौरस किलोमीटर. तासाभरात ८० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला. पाणलोट, पावसाचा वेग आणि अपवाहाचा गुणांक (पावसातला वाहून येणारा वाटा) यांचा गुणाकार करून ३.६ ने भागा. ०.५ गुणिले ८० गुणिले ५ म्हणजे २००, भागिले ३.६ म्हणजे सेकंदाला साधारण ५६ घनमीटर. पाणलोटावरून पूर काढायच्या जुन्या डिकन्सच्या सूत्राने, स्थिरांक १४ धरून, ४७ येतात. म्हणजे अंदाज भरकटलेला नाही.

आता सांडवा. सांडव्याच्या रुंद दगडी उंबऱ्यावरून जाणारे पाणी काढायचे सूत्र: १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. समजा सांडवा १२ मीटर लांब आहे आणि उंबऱ्यापासून धरणाचा माथा दीड मीटर वर आहे. ५६ घनमीटर जायला उंबऱ्यावर जवळपास दोन मीटर पाणी चढावे लागेल. म्हणजे त्याआधीच माथ्यावरून जाईल. सांडवा ३३ मीटरचा केला तर एक मीटर पुरते, पण लाटांसाठी फक्त अर्धा मीटर राहतो. ४५ मीटरचा केला तर पाणी ८० सेंटिमीटरवर थांबते. माती-दगडाच्या धरणाला महत्तम पूर पातळीच्या वर साधारण दीड मीटर मोकळी उंची असावी अशी अपेक्षा असते. म्हणजे तेव्हाही माथा थोडा उचलावाच लागेल. कुठल्या आकाराच्या धरणाला किती मोठा पूर धरायचा हे भारतीय मानक ११२२३ मध्ये आहे. लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, मधल्याला प्रमाणित पूर, मोठ्याला संभाव्य महत्तम पूर.

माथ्यावरून पाणी गेले तर इतके काय बिघडते? मागचा उतार सुटा असतो, वेगाने उतरणारे पाणी पायथ्याचे दगड उचकटते, वरचा उतार घसरतो आणि गाभा आधाराविना उभा राहतो. सिक्कीममधले चुंगथांगचे ६० मीटर उंच, काँक्रीट पडद्याचे दगडी भरावाचे धरण ४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून आलेल्या लोंढ्याने काही मिनिटांत नाहीसे झाले. लोंढा असाधारण होता हे खरे, पण डोक्यावरून पाणी गेल्यावर दगडी भराव कसा वागतो ते तिथे दिसले.

खासगी मालकांसाठी त्याहून बोलके उदाहरण अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचे आहे. टॉम सॉकच्या डोंगरमाथ्यावरचा जलविद्युत साठा १९६३ पासून एका खासगी वीज कंपनीचा होता: दगडी भराव, वर काँक्रीटचा पडदा. पाणी पंपाने चढवायचे आणि यंत्राने थांबवायचे, म्हणून सांडवाच ठेवला नव्हता. पातळी मोजणाऱ्या संवेदकांच्या नळ्या सैल झाल्या, त्या पाणी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू लागल्या. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पंप चालूच राहिला, पाणी भिंतीवरून गेले आणि साठा अर्ध्या तासाच्या आत रिकामा झाला. पावसाचा यात हात नव्हता. नंतर तोच साठा दगडी भरावाऐवजी रोलरने दाबलेल्या काँक्रीटने पुन्हा बांधला, आणि या वेळी जादा पाणी जायला वाट ठेवली. तुमचा तलाव बोअर किंवा पंपाने भरत असेल तर सांडवा त्यालाही हवाच.

आपल्याकडची पापे साधी असतात. संत्र्याला एप्रिलपर्यंत पाणी पुरावे म्हणून उंबऱ्यावर वाळूच्या पोत्यांची रांग. माशांचा ठेका घेणाऱ्याने मासे निसटू नयेत म्हणून लावलेली जाळी, जिच्यावर पहिल्याच पुरात काडीकचरा आणि प्लॅस्टिक अडकून भिंत तयार होते. सांडव्याच्या वाटेत टाकलेला पाइपचा छोटा पूल, कारण तिकडून ट्रॅक्टर न्यायचा असतो. बेशरमचे रान. यातले काहीही दिसले तर जूनची वाट पाहू नका.

पाचवी पायरी: मे महिन्यातली फेरी

सकाळी उन्हाआधी, दोघांनी, टेप, मोबाइल आणि चुना घेऊन चाला. पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमारास तीच फेरी त्याच क्रमाने करा, फोटो त्याच जागांवरून घ्या. फोटोंची तुलना हे सर्वांत स्वस्त उपकरण आहे.

माथ्यावर सरळ रेषेत बघा. मधे झोल दिसतो का? माथ्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या भेगा भराव खचल्याच्या असतात. माथा आडवा कापणाऱ्या, तलावाकडून मागच्या बाजूला जाणाऱ्या भेगा जास्त वाईट, कारण त्या पाण्याला थेट वाट देतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या खुणा करून अंतर लिहा.

पाण्याच्या बाजूला पिचिंगचे, म्हणजे उतारावर रचलेले दगड निखळलेत का, खालची वाळू उघडी पडली का ते बघा. लाटा तिथून पोखरतात. मागच्या उतारावर फुगवटा, ओल, आणि भर मे महिन्यात हिरवेगार दिसणारे गवताचे पट्टे शोधा. कोरड्या उतारावर एकाच जागी हिरवळ असेल तर तिथे पाणी आहे. बाभूळ किंवा कडुलिंब उगवला असेल तर लहान असतानाच उपटा. मोठे झाड तोडून बुंधा सोडला की मुळे कुजून आत नळी राहते. असे झाड अभियंत्याला विचारूनच काढा. साळिंदर, घुशी आणि रानडुकरांनी उकरलेल्या जागाही याच फेरीत बघा. रत्नागिरीतले तिवरे धरण जुलै २०१९ मध्ये फुटले तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले. खेकडे आणि घुशी बिळे करतात हे खरे, पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, हेही खरे.

भूकंपाची काळजी नागपुरात तुलनेने कमी. त्यापेक्षा गेटच्या स्क्रूला गेल्या वर्षी ग्रीस लावले का, हे विचारा. पाणी सोडायचे गेट वर्षातून दोनदा पूर्ण उघडून बंद केले नाही, तर गरजेच्या रात्री ते हलणार नाही.

सहावी पायरी: झिरपा मोजा, घाबरू नका

दगडी धरणातून पाणी झिरपणारच. प्रश्न किती झिरपते हा नाही. ते वाढते का आणि गढूळ आहे का, हे दोन प्रश्न आहेत.

पायथ्याचे पाणी एका चरात गोळा करा आणि चरात काटकोनाच्या खाचेची पत्र्याची आडवी पाटी बसवा. तिला व्ही-नॉच म्हणतात, कुठलाही वेल्डर करून देतो. खाचेच्या तळापासून पाणी किती चढले ते, खाचेपासून थोडे मागे पट्टी रोवून, मोजा. ५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, १० सेंटिमीटर म्हणजे साडेचार लिटरच्या जवळ, १५ म्हणजे १२ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होते. ‘थोडेसेच वाढले’ असे पट्टी बघून म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

प्रत्येक मोजणीशेजारी तलावाची पातळी आणि आदल्या दिवसाचा पाऊस लिहा. तलाव चढला आणि झिरपा चढला, तर ठीक. तलाव स्थिर असताना किंवा उतरत असताना झिरपा वाढला, तर त्याच दिवशी अभियंत्याला फोन. झिरपा एकदम बंद झाला तरीही फोन, कारण निचरा तुंबून पाणी भिंतीत दुसरी वाट शोधत असते.

गढूळपणासाठी पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर बसला तर धरण आतून झिजते आहे. रोज बघणारा राखणदार ही चाचणी सहज करू शकतो. एक कॅलेंडर आणि दहा बाटल्या पुरतात.

सातवी पायरी: खाली काय आहे

वरच्याच उदाहरणातला बांध ९ मीटर उंच आणि साठा ५ लाख घनमीटर धरा. हा कायद्याच्या यादीत येणार नाही. पण फ्रोलिकच्या १९९५ च्या सूत्राने तो फुटला तर सर्वोच्च विसर्ग सेकंदाला साधारण ४४० घनमीटर निघतो, म्हणजे नाल्याच्या पुराच्या आठपट. अंदाजाचे सूत्र आहे, निम्म्याने चुकले तरी नाल्याकाठचे घर उरत नाही. लोंढा तासाला दहा किलोमीटरने गेला तर पाच किलोमीटरवरच्या गावाला अर्धा तास मिळतो, आणि त्यातला निम्मा तर धरण फुटले हे कळण्यातच जातो.

म्हणून मोबाइलच्या उपग्रह नकाशावर नाल्याने खाली चालत जा: घरे, शाळा, वीटभट्टीवरच्या झोपड्या, रस्त्याचा पूल, जनावरांचे गोठे. वीटभट्टी आणि बांधकामावरची वस्ती दरवर्षी जागा बदलते, म्हणून ही यादीही दरवर्षी नवी करावी लागते.

धरण शाबूत असतानाही खाली पूर येतो, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. १८७० च्या सुमारास बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि त्याखालच्या वस्त्यांत घरात पाणी शिरले. भिंत उभी होती. सांडव्यानंतर पाण्याने कुठून जायचे, तो नाला किती रुंद उरला आहे, त्यात काय बांधले आहे, हा सांडव्याइतकाच प्रश्न असतो. तुमच्या सांडव्याचे पाणी मूळ नाल्याला मिळेपर्यंतची वाट तुमच्याच हद्दीत आहे का ते बघा. नसेल तर शेजाऱ्याशी आत्ताच लेखी बोला.

आठवी पायरी: ती रात्र

एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून राखणदाराच्या खोलीत लावा. कोणत्या पातळीला कोणाला उठवायचे: उंबऱ्यावर अर्धा मीटर पाणी म्हणजे मालक आणि अभियंता, एक मीटर म्हणजे खालच्या गावचा पोलीस पाटील, सरपंच आणि तहसील कार्यालय, माथ्यापासून अर्धा मीटर उरले म्हणजे जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ आणि ११२, सोबत गावात दवंडी आणि मंदिर-मशिदीचा भोंगा. आकडे तुमच्या धरणाचे टाका. मालकाला विचारल्याशिवाय गावाला कळवायचे नाही, असा अलिखित नियम खूप ठिकाणी असतो. तो आधी मोडा. राखणदाराला स्वतःच्या अधिकारात फोन करता आला पाहिजे.

मागच्या पायथ्याशी पाणी उकळल्यासारखे वर येऊन माती टाकू लागले तर त्यावर चिकण माती ओतून ते बंद करू नका. पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटते. आधी जाड वाळू, मग बारीक गिट्टी, मग मोठी गिट्टी असे थर टाका, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. पुरेशी वाळू आणि गिट्टी मेमध्येच पायथ्याजवळ रचून ठेवा. रात्री अकरा वाजता डंपर मिळत नाही. तलावाच्या बाजूला पाण्यात भोवरा दिसला तर त्या जागी दगड-माती टाकता येते, पण कोणालाही पाण्यात उतरवू नका. गेट पूर्ण उघडा, पंप आणि सायफन लावा. घाबरून जेसीबीने भिंतीचा माथा कापणे हा सर्वांत वाईट उपाय. कापलेली जागा पाणी स्वतःच रुंद करते. आणीबाणीची वाट हवीच असेल तर ती भिंतीपासून दूर, कठीण नैसर्गिक जमिनीत, आधीच आखलेली हवी.

शेवटची पायरी: नको असलेले धरण

ज्याचा उद्देश संपला ते धरण ‘आहे तसे’ सोडता येत नाही. दुर्लक्षित धरण वापरातल्या धरणापेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिथे फेरी मारायला कोणी येत नाही. पर्याय तीन. सांडव्याचा उंबरा खाली उतरवून साठा इतका कमी करायचा की फुटला तरी नाल्यातच मावेल. किंवा भिंतीत पायथ्यापर्यंत रुंद खाच काढून तिचे काठ दगडाने बांधायचे. किंवा तलाव ग्रामपंचायतीला अथवा पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेला द्यायचा, पण देखभालीच्या खर्चाची तरतूद करून, नुसते दानपत्र करून नाही.

खाच काढायची तर कोरड्या दिवसांत, तलाव रिकामा करून. आत साठलेला गाळ आधी काढा, नाहीतर पहिल्या पावसात तो सगळा खालच्या विहिरींत जातो. तो शेतकऱ्यांनी नेला तर त्यांच्या हलक्या जमिनीला फायदा होतो आणि तुमचा वाहतूक खर्च वाचतो. मात्र कारखान्याच्या किंवा खदानीच्या तलावातला गाळ तपासल्याशिवाय कोणाच्याही शेतात टाकू नका. भिंतीतला दगड निघेल तो विकायच्या आधी तहसील कार्यालयात रॉयल्टीचे विचारून घ्या. गौण खनिजाच्या दंडाची रक्कम पाहिली की दगडाची किंमत किरकोळ वाटते.